मोजणीत न आलेला मुलगा

मिनेसोटात लेकीकडे सहा महिने राहिले होते, तेव्हाची गोष्ट. नात नऊ वर्षांची. रोज रात्री ती मला लॉरा इंगल्स वाइल्डरची पुस्तके वाचून दाखवी. (मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आजीचे इंग्रजी सुधारावे, हा तिचा उदात्त हेतू!) छपराची गाडी, दोन घोडे, आई-बाबा आणि मुली, नवी जमीन शोधत चाललेले. एका रात्री तिने पुस्तक मिटले आणि विचारले, "आजी, हे सगळं खरंच घडलं होतं?"

चौतीस वर्षे शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारला की तिची झोप गेलीच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी फॅमिलीसर्च नावाचे संकेतस्थळ उघडून दिले. तिथे अमेरिकेच्या जुन्या खानेसुमाऱ्यांची पाने फुकट पाहता येतात. नाव एकाच स्पेलिंगने शोधून चालत नाही, कारण कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते. आपल्याकडे तलाठ्याने कुलकर्ण्यांचे काय काय केले आहे ते आठवा, म्हणजे कळेल.

पहिला मोठा धक्का १८७० च्या पानावर बसला. कॅन्सस, माँटगोमेरी परगणा, रटलंड. चार्ल्स, त्याची बायको कॅरोलिन, मुली मेरी, लॉरा आणि त्याच ऑगस्टमध्ये जन्मलेली कॅरी. पुस्तकात कॅरी गाडीतून कॅन्ससला येते. कागद म्हणतो, ती तिथेच जन्मली. लॉराही तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांची. म्हणजे बरेचसे तिने आईबापांकडून ऐकलेले असणार. याचे मला काही वाटले नाही. आठवणी अशाच शिवल्या जातात.

पण त्याच खानेसुमारीत जमिनीच्या किमतीचा एक रकाना आहे, आणि तो कोरा. गणना करणाऱ्याने कारणही नोंदवून ठेवले: या जमिनी ओसेज लोकांच्या आहेत, वस्ती करणाऱ्यांचा त्यांवर हक्क नाही. त्या काळच्या एका सरकारी माणसाने एवढे स्वच्छ लिहून ठेवावे! चार्ल्सने घर बांधले, विहीर खणली, नांगर धरला, पण सातबारा दुसऱ्याचा. आपल्या लाडक्या लॉराचे बाबा दुसऱ्याच्या शेतात घुसले होते, हे नातीला कसे सांगायचे? सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग ओसेज लोक कुठे गेले?" त्यांना दक्षिणेला, आताच्या ओक्लाहोमात जावे लागले. तेही सांगितले.

चार्ल्सला हक्काची जमीन पुढे डाकोटात मिळाली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण पाच वर्षे राहून, कसून दाखवावे लागे आणि दोन साक्षीदार आणावे लागत. त्याने १८८० मध्ये अर्ज केला, १८८६ मध्ये जमीन नावावर झाली. वयाच्या पन्नाशीत! त्याआधी विस्कॉन्सिन, कॅन्सस, पुन्हा विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, पुन्हा मिनेसोटा. एका पंखात बळ असलेल्या पाखरासारखी सगळी गोल भटकंती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. १८७५ साली मिनेसोटात टोळधाडीने पीक खाल्ले. त्या नोव्हेंबरात चार्ल्सने आपण पूर्ण निर्धन आहोत असे सहीनिशी लिहून दिले आणि दोन अर्धी पिंपे पीठ घेतले. किंमत सव्वापाच डॉलर. मानी माणूस होता तो. पण त्याच महिन्याच्या १ तारखेला घरात मुलगा झाला होता, चार्ल्स फ्रेडरिक. मुलींनंतरचा पहिला मुलगा. पुढल्या ऑगस्टात, नऊ महिन्यांचा होऊन, तो गेला.

राज्याची खानेसुमारी १८७५ च्या मे महिन्यात झाली, तो जन्मण्याआधी. देशाची १८८० मध्ये, तो गेल्यानंतर. दोन्ही मोजण्यांच्या मधल्या फटीत तो येऊन गेला. लॉराच्या गोष्टींतही तो नाही. तिने १९३० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनात मात्र आहे, आणि ते छापून यायला २०१४ उजाडले.

१८८० च्या पानावर मेरी आंधळी असल्याची नोंद आहे. ग्रेस नावाची धाकटी आहे. मी त्या दोघींच्या मधल्या रेघेकडे पाहत बसले.

माझ्या आईला कोणी विचारले, मुले किती, की ती आधी थोडी थांबायची. मग म्हणायची, "चार." माझ्या पाठचा एक मुलगा वर्षाचा व्हायच्या आत गेला, हे आम्हांला आत्याने सांगितले, तेही आई गेल्यावर. त्याचे नाव आत्याला आठवत नव्हते. दिवाळीच्या आसपासचा जन्म, एवढेच. मी शिक्षिका, गावातल्या शेकडो मुलांची नावे हजेरीपटावर लिहिली, आणि आईला ते एक नाव कधी विचारले नाही. तिचे ते थांबणे मात्र मला आजही ऐकू येते.

परत आल्यावर नाशिकच्या उपाध्यांकडे जाऊन आले. त्यांच्या वहीत आजोबा, पणजोबा, काका, सगळे सापडले. तो नाही. तान्ह्या मुलाला घेऊन कोण तीर्थयात्रेला जाते? उपाध्ये म्हणाले, "बाई, आता तुम्ही सांगा, लिहून घेतो." मी आईच्या चार मुलांची नावे सांगितली. पाचव्याच्या वेळी थांबले, तेव्हा त्यांनी लेखणी न उचलता वाट पाहिली. मग मी म्हटले, "नाव नको, नुसते 'मुलगा' लिहा."