सहावा टेक, आठवा टेक

बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या पहिल्या खंडातला ए मायनरमधला फ्यूग लांबलचक, चार आवाजांचा आणि कडक बांधणीचा आहे. पियानोवादक ग्लेन गूल्डने कोलंबिया कंपनीसाठी तो वाजवला तेव्हा आठ टेक झाले. त्यातले सहावा आणि आठवा अथपासून इतिपर्यंत शुद्ध होते. कुठे बोट घसरलं नव्हतं, मध्ये काही घालायची गरज नव्हती. काही आठवड्यांनी गूल्ड आणि त्याचा निर्माता संपादनाच्या खोलीत ते ऐकायला बसले, तेव्हा दोन्ही टेक कंटाळवाणे वाटले. सहाव्यात स्वर एकमेकांना धरून, गंभीरपणे चालले होते. आठव्यात तेच स्वर सुटे, उसळते, आनंदाने भरलेले. फ्यूगमध्ये एकच सुरावट एकेक आवाज आळीपाळीने उचलत जातो. ती सुरावट शेवटपर्यंत गंभीर राहिली की जड होते आणि शेवटपर्यंत उसळत राहिली की तिचं वजन जातं.

मग लक्षात आलं की दोन्ही टेकची लय जवळजवळ तंतोतंत एक आहे. म्हणून सुरुवात सहाव्यातली घेतली, ती सुरावट वेगवेगळ्या पट्ट्यांमधून फिरते तो मधला मोकळा भाग आठव्यातला, आणि मूळ पट्टीवर परतताना पुन्हा सहावा. गूल्डने 1966 मध्ये 'हाय फिडेलिटी' मासिकातल्या दीर्घ लेखात ही हकिगत सांगितली आहे. फ्यूगचा हा अर्थ वाजवताना त्याच्या मनात नव्हता, तो नंतर ऐकताना सापडला, हे त्याने उघडपणे मांडलं. ध्वनिसंपादनाचं काम करणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाचा दाखला शोधूनही मिळणार नाही.

हे काम म्हणजे काय, ते आज पडद्यावर रेघा सरकवणाऱ्यांना सांगावं लागतं. व्यावसायिक यंत्रावर फीत साधारणपणे सेकंदाला 15 इंच या वेगाने धावत असे. लय मिनिटाला 100 मात्रांची असेल आणि एका मात्रेत चार स्वर असतील, तर एकेका स्वराच्या वाट्याला सव्वादोन इंच फीत येते. संपादक चकत्या हाताने मागे-पुढे फिरवतो. घुमल्यासारखा, ओढल्यासारखा आवाज येत राहतो आणि त्यातून हातोडी तारेवर आदळल्याचा क्षण कानाने पकडायचा असतो. तिथे पेन्सिलने खूण करायची, फीत खाचेत बसवायची आणि ब्लेडने तिरका काप द्यायचा. काप तिरका असला की एक आवाज दुसऱ्यात अलगद शिरतो. मग दुसऱ्या टेकचा तुकडा टोकाला टोक भिडवून चिकटपट्टीने जोडायचा.

पियानो या कामाला सोपाही आहे आणि अवघडही. प्रत्येक स्वराला टोकदार सुरुवात असते, त्यामुळे काप त्या टोकाच्या किंचित आधी घेतला की सांधा नव्या आघाताखाली दडतो. पण आधीच्या स्वराची आस मागे रेंगाळत असते, आणि पायाखालचा पेडल दाबलेला असला तर सगळ्या तारा मिळून घुमत असतात. ती घुमण मध्येच तुटली तर कुणाच्याही कानाला धक्का बसेल. गूल्ड पेडल फार काटकसरीने वापरायचा. स्वर सुटे, कोरडे ठेवण्याकडे त्याचा कल होता. तोरांतोत त्याचे गुरू अल्बेर्तो गेरेरो यांनी त्याला एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने पट्ट्यांवर टिचकावून सराव करायला शिकवलं होतं. त्यातून प्रत्येक बोटाला स्वतंत्र चाल आली. वडिलांनी पाय कापून दिलेल्या, जमिनीपासून जेमतेम 14 इंच उंचीच्या खुर्चीवर बसून तो वाजवायचा, त्यामुळे खांद्याचं वजन पट्ट्यांवर पडायचंच नाही. कापायला इतकं अनुकूल वादन कात्रीला क्वचितच मिळालं असेल. या लेखकाच्या मते हा योगायोग नाही: ज्या कानाला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो, त्याच कानाला फितीवरच्या जोडाची जागाही दिसते.

वाद्यही त्याने तसंच शोधलं. सीडी 318 या क्रमांकाचा स्टाइनवे तोरांतोतल्या ईटन्स या मोठ्या दुकानाच्या सभागृहात होता. त्याची यंत्रणा गूल्डने इतकी हलकी करून घेतली की मधल्या सप्तकातले काही स्वर उचकी लागल्यासारखे दोनदा वाजू लागले. बाखच्या 'इन्व्हेन्शन्स'च्या 1964 मधल्या तबकडीवर ही उचकी स्पष्ट ऐकू येते, आणि वेष्टनावरच्या मजकुरात गूल्डने तिचा खुलासाही केला. व्हर्न एडक्विस्ट हा जवळजवळ दृष्टिहीन असलेला ट्यूनर सत्रांना हजर असायचा. त्याचं तिथे असणं संपादकाला फार मोलाचं, कारण दोन टेकमध्ये एक तार जरी उतरली तरी ते तुकडे एकमेकांना जोडता येत नाहीत. 1971 मध्ये क्लीव्हलंडच्या प्रवासात तो पियानो कुणाच्या तरी हातून पडला आणि आतली लोखंडी चौकट तडकली. दुरुस्ती झाली, तरी तो पूर्वीसारखा झाला नाही.

याशिवाय गूल्डचं गुणगुणणं होतं. वाजवताना तो सतत गात असे आणि खुर्ची करकरत असे. दोन टेकमधलं गुणगुणणं जुळत नसेल, तर स्वर जुळूनही काप उघडा पडतो.

अशा जोडकामाला फसवणूक म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांनी 1965 ची एक वेगळी तबकडी ऐकावी. त्या वर्षी 9 मे रोजी पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षांनी कार्नेगी हॉलच्या मंचावर परतला. बाख-बुसोनीच्या टोकाटाच्या अगदी सुरुवातीलाच स्वर चुकले, आणि सभागृहाने त्याच्यावर प्रेमच केलं. मैफिलीची तबकडी 'ऐतिहासिक पुनरागमन' म्हणून निघाली तेव्हा काही जागा दुरुस्त केलेल्या होत्या. कातर न लागलेली मूळ मैफल 2003 मध्ये बाहेर आली, आणि ती कितीतरी जिवंत आहे. मैफिलीच्या नावाखाली केलेला काप खरोखरच खटकतो, कारण तिथे श्रोत्याला एका संध्याकाळचं वचन दिलेलं असतं. गूल्डने असं वचन कधी दिलं नाही. 10 एप्रिल 1964 रोजी लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम करून, वयाच्या 31 व्या वर्षी, तो मंचावरून कायमचा उतरला होता.

पुढे 1975 मध्ये त्याने 18 जणांना निवडक ध्वनिमुद्रणं ऐकवली आणि सांधे ओळखायला सांगितले. त्यांत संगीतकार होते, ध्वनितंत्रज्ञ होते आणि साधे श्रोतेही होते. सांधे खात्रीने कुणालाच ओळखता आले नाहीत, आणि संगीतकारांची कामगिरी साध्या श्रोत्यांहून सरस ठरली नाही.

मराठी वाचकाला इथे एक वेगळं ध्वनिमुद्रण आठवेल. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गूल्डने वाजवलेला 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या दुसऱ्या खंडातला सी मेजरचा प्रिल्यूड आणि फ्यूग आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', आहे. केसरबाईंचा विश्वास समोर बसलेल्या श्रोत्यांवर. त्यांनी मागे ठेवलेली ध्वनिमुद्रणं थोडी, आणि ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची. तिचा दम, तिची तान एका श्वासाच्या हिशोबाने बांधलेली आहे. ख्यालगायकीतल्या आलापाला मधोमध काप देऊन दुसऱ्या दिवशीचा तुकडा जोडला, तर रागाची वाढच मोडते, कारण तिथला पुढचा स्वर मागच्या स्वरातून त्याच क्षणी उगवलेला असतो. बाखचा फ्यूग आधीच कागदावर पूर्ण आहे. त्यात वादकाला शोधायची असते ती आवाजांची मांडणी, आणि ती मांडणी ऐकूनही सापडू शकते. दोन परंपरांमधला हा फरक ध्यानात घेतला, तर एकीचा निकष दुसरीला लावण्याची घाई होत नाही.

बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' गूल्डने दोनदा ध्वनिमुद्रित केल्या, दोन्ही वेळा न्यूयॉर्कच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. तो मुळात एक चर्च होता. 1955 च्या जूनमधलं वादन साधारण 38 मिनिटांचं, 1981 मधलं 51 मिनिटांचं. आरंभीची आरिया पहिल्या वेळी दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्या वेळी तीन मिनिटांच्या पुढे जाते. म्हणून दुसरं ध्वनिमुद्रण सरसकट संथ आहे असं म्हटलं जातं, पण पंचविसावं व्हेरिएशन, सगळ्यांत खोल उतरणारं, 1981 मध्ये थोडं कमीच वेळ घेतं. तरुणपणी तिथे तो थांबून थांबून शोक करतो. नंतरच्या वादनात लयीचा एक धागा सगळ्या व्हेरिएशन्समधून ओवलेला आहे आणि शोकही त्या धाग्यातच राहतो. या लेखकाला दुसरं वादन जास्त पटतं.

ते दुसरं वादन डिजिटल यंत्रावर घेतलं होतं, पण सुरक्षिततेसाठी साधी फीतही शेजारी फिरत होती. 2002 मध्ये त्या फितीवरून सगळे काप नव्याने जुळवून आवृत्ती काढली, आणि पियानोचा आवाज उबदार, भरीव झाला. 1955 च्या सत्रांचे सगळे टेक 2017 मध्ये बाहेर आले, 1981 चे 2022 मध्ये. टाकून दिलेलं ऐकायला मिळाल्यामुळे आता निवडीचं मोल कळतं. गूल्डच्या सांगण्याप्रमाणे, 1955 मध्ये तीसही व्हेरिएशन्स मनासारखी झाल्यावर त्याने सर्वांत शेवटी सुरुवातीची आरिया ध्वनिमुद्रित केली, आणि पहिले वीस टेक नाकारले. पुढे काय काय येणार आहे याची चाहूल आरियाने आधीच देऊ नये, असं त्याला वाटत होतं. वीस टेक लागले ते वाजवण्यात नकळत आलेला जादा भाव एकेक करून काढून टाकायला, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. संपादन शिकणाऱ्या प्रत्येकाने ही सत्रं मिळवावीत, आरियाचे टेक ओळीने ऐकावेत, आणि आपण कोणता ठेवला असता ते गूल्डची निवड पुन्हा ऐकण्याआधी ठरवावं.