शस्त्रधाऱ्यांच्या राज्यांतील एक दैवज्ञ घराणें

शस्त्राच्या जोरावर राज्यें येतात आणि जातात, हें इतिहासाचें कोणतेंही पुस्तक उघडलें तरी दिसतें. परंतु ज्यांच्याजवळ सैन्य नाहीं, किल्ला नाहीं, केवळ वाडवडिलांपासून चालत आलेली विद्या आहे, अशीं घराणीं या उलथापालथींतून कशीं टिकतात व अखेर कशानें खालावतात, याचा विचार क्वचितच होतो. सुशिक्षित कुटुंबांस हा प्रश्न परका नाहीं. म्हणून जपानांतील एका घराण्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

निमित्त घरांतील मुलांचें. हल्लीं त्यांना सामुराई योद्ध्यांच्या काल्पनिक जगांतील कथांचें व खेळांचें मोठें वेड आहे. त्यांत एखादें कुळ असें असतें कीं, तें तलवारीच्या वाटेस जात नाहीं. मंत्र, ग्रहगति आणि पूजाविधि हेंच त्याचें बळ. "आजोबा, असे लोक खरेंच होते का?" असें नातीनें विचारलें. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें उत्तर ग्रंथांत शोधण्याची खोड आम्हांस आहे. तें मिळालें तें असें.

इ. स. ६७५ मध्यें जपानच्या तेम्मु सम्राटानें तारे न्याहाळण्यासाठीं वेधशाळा उभारिली. त्याच काळांत 'ओन्म्योर्यो' नांवाचें दरबारी खातें नांवारूपास आलें. पंचांग करणें, आकाशाचे वेध घेणें, शकुनविचार आणि जलघटिकेवर वेळ राखणें, हीं कामें त्याजकडे असत. तेथील दैवज्ञांस 'ओन्म्योजी' म्हणत. त्यांची मूळ विद्या चीनची. पण तिच्यांत पुढें आपल्या देशाचाही अंश मिसळला. नक्षत्रें व सात वार यांचें फल सांगणारा ग्रंथ अमोघवज्र या बौद्ध आचार्यानें आठव्या शतकांत चिनी भाषेंत सिद्ध केला व कूकाई या जपानी भिक्षूनें तो ८०६ मध्यें स्वदेशीं नेला. पुढें दरबारी पंचांगांत रविवारावर 'मित्सु' अशी खूण दिसूं लागली. हा शब्द मध्य आशियांतील सोग्दी भाषेंतल्या सूर्यवाचक शब्दावरून आला असून आपल्या 'मित्र' शब्दाचा भाऊबंद आहे. संध्येच्या उपस्थानांत ज्या मित्रास आपण आळवितों, त्याची क्योतोच्या पंचांगांत भेट व्हावी, याचा आम्हांस मोठा आनंद वाटला.

या दैवज्ञांत आबे नो सेइमेइ (९२१–१००५) सर्वांत प्रसिद्ध. जुन्या कथासंग्रहांत त्याची एक गोष्ट आहे. कांहीं तरुण सरदार व भिक्षु त्यास विचारतात कीं, तुमच्या विद्येनें माणूस मारतां येतो का? तो सांगतो कीं मारणें अशक्य नाहीं, पण मेलेल्यास उठविण्याची विद्या आपणांजवळ नाहीं, म्हणून तें पाप होय. ते हट्टच धरतात, तेव्हां एक पान मंतरून तो बेडकावर टाकतो आणि बेडूक जागींच चिरडतो. पाहणारांचे चेहरे पांढरेफटक पडतात. गोष्ट खरी कीं रचलेली हें बाजूस ठेवूं. सामर्थ्य आवरून धरण्यांत विद्येची प्रतिष्ठा आहे, हें ती सांगणाऱ्या समाजास कळत होतें.

सेइमेइचे वंशज पुढें त्सुचिमिकादो या नांवानें ओळखले जाऊं लागले. तोंवर सत्ता सामुराईंच्या हातीं गेली होती. १४६७ ते १४७७ पर्यंतच्या ओनिन युद्धांत क्योतो शहर जळून उजाड झालें. या घराण्यानें वाकासा प्रांतांतील नाताशो या डोंगराळ गांवाचा आश्रय केला व पिढ्यान् पिढ्या तेथें विद्या जतन केली. पुढें हिदेयोशि या बलाढ्य सत्ताधीशाची मर्जी फिरली आणि १५९५ च्या सुमारास घराण्याच्या प्रमुखास राजधानी सोडावी लागली. परंतु हिदेयोशीच्या मागून आलेल्या तोकुगावा इएयासूच्या अमदानींत तेंच घराणें परत आलें. कारण नव्या राज्यासही मुहूर्त हवा, पंचांग हवें. १६८३ मध्यें तर देशांतील सर्व ओन्म्योजींवर त्याचा अधिकार मान्य झाला. तलवारीनें या कुळाचें कायमचें कांहींच बिघडविलें नाहीं.

खरी परीक्षा आकाशानें घेतली. त्या वेळीं जपानांत ८६२ पासूनचें चिनी पंचांग चालू होतें आणि आठशें वर्षांत तें सूर्यापासून दोन दिवस ढळलें होतें. शिबुकावा हारुमि हा 'गो' या पटावरील खेळाच्या खेळाडूंच्या घराण्यांतला माणूस. त्यानें वेध घेऊन नवें गणित मांडलें. त्सुचिमिकादो यासुतोमि यानें परक्या घरचा म्हणून त्यास झिडकारलें नाहीं, उलट साह्य केलें. १६८५ पासून नवें पंचांग सुरू झालें. गणिताचें काम मात्र शोगुनाच्या ज्योतिर्विदांकडे गेलें. यासुतोमीचा मुलगा यासुकुनि यानें तो हक्क परत मिळविला व १७५५ मध्यें त्याचें पंचांग लागू झालें. १७६३ मध्यें सूर्यास ग्रहण लागलें. पंचांगांत तें नव्हतें! क्यूशू बेटावरील आसादा गोर्यु या तिशीच्या आंतल्या तरुणानें मात्र तें आधींच वर्तविलें होतें. पुढें त्याच्या दोन शिष्यांनीं १७९८ चें सुधारलेलें पंचांग सिद्ध केलें. त्यांतील एक साधा सामुराई, तर दुसरा ओसाकांतील गहाणवटीचा धंदा करणारा सावकार.

१८७० मध्यें मेइजी सरकारनें ओन्म्योर्यो हें खातेंच बंद केलें आणि १८७३ च्या आरंभापासून जपानांत युरोपीय सौर पंचांग आलें. आज सेइमेइचें नांव क्योतोंतील त्याच्या मंदिरांत, कादंबऱ्यांत व चित्रपटांत नांदतें. त्याच्या नांवाच्या नृत्यावर हान्यु युझुरु या हिमनर्तकानें २०१८ च्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें. नांव राहिलें, अधिकार गेला.

आमच्या मतें या घराण्याचें खरें वैभव यासुतोमीच्या वेळीं दिसलें. त्यानें हक्काचा कांहीं भाग जाऊं दिला, पण सत्याशीं नातें राखलें. मुलानें हक्क राखला आणि दृक्प्रत्यय गमावला. विद्या वारशानें येते ती केवळ संधि म्हणून. मालकी म्हणून ती कोणाच्याच घरांत राहत नाहीं.

आमच्याकडे तीर्थरूपांच्या पोथ्यांचें एक कपाट आहे. दसऱ्यास त्यावर फुलें वाहतात. वांटणीच्या वेळीं कपाट कोणाकडे जावें यावर पुष्कळ बोलणें झालें. आंतली पोथी मात्र कोणीं मागितली नाहीं. यंदा आमच्या धाकट्या पुतण्यानें ग्रहलाघव बाहेर काढलें आणि त्यांतील रीतीनें केलेलें ग्रहणगणित संगणकावरील गणिताशीं ताडून पाहिलें. कांहीं फरक पडला. वहिनींस तें रुचलें नाहीं; "पूर्वजांची परीक्षा घेतां काय?" म्हणाल्या. पण जुनें गणित आकाशाशीं जुळेना, म्हणूनच गणेश दैवज्ञांनीं १५२० मध्यें तो ग्रंथ रचिला होता. आम्हांस तर वाटलें कीं, इतक्या वर्षांच्या फुलांहून त्या दिवशीं त्या पोथीचा मान अधिक झाला. कपाटाची किल्ली आतां त्याच्याचजवळ असते.