लॅपटॉपवर चालणारी फटफटी

मी पडलो कॉन्व्हेंटवाला, ठिणगीला 'स्पार्क'च म्हणायचो. दिवाळीच्या सुट्टीत पारगावला पप्पांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा डबा, काढला आणि मध्ये एक सर्किट घालून ते काम लॅपटॉपला दिलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या गाड्यांत पेट्रोल अन् ठिणगी दोन्ही ईसीयू सांभाळतो. मग माझ्या एवढ्या भारी लॅपटॉपला काय अवघड?

गाडी चालू झाली! अंगणात मी हिरो. मग रेस केली आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की म्हैस दावं तोडून पळाली.

रात्री गणित मांडलं. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांचा, म्हणजे एक अंश जेमतेम २८ मायक्रोसेकंदांचा. लॅपटॉप दुसऱ्याच कामात १ मिलिसेकंद रमला, की ठिणगी ३६ अंश उशिरा. ईसीयूमधला चिमुकला कंट्रोलर मात्र टायमरच्या ठोक्याला हजर.

"म्हंजे तुझ्यासारखाच की. हुशार, पण वेळेवर नाही," पप्पा म्हणाले.

सकाळी किटली घेऊन ते डेअरीवर चालत गेले. मी खाली मान घालून सीडीआय परत बसवत होतो.