आकडा आणि डोळा

लातूरच्या माणसाला आकड्यांचे महत्त्व सांगायला जाऊ नये. ज्या गावाने बोर्डाच्या गुणवत्ता याद्या गाजवल्या आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवला, तिथे अर्ध्या टक्क्याची किंमत रिक्षावालाही सांगेल. मी पडलो नांदेडचा, त्यातून मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी आमचा संबंध पेपर तपासण्यापुरता. तरीही सॉफ्टबॉलच्या निमित्ताने आकड्यांचा एक वाद मी मोठ्या गोडीने ऐकला.

वाद होता आमच्या गल्लीजवळच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचा आणि त्यांच्या मदतीला आलेल्या तरुण मॅडमचा. मॅडम मूळच्या लातूरच्या, हे सांगायला नकोच! मुलींचा संघ जिल्ह्यात जिंकला होता. आता नांदेड, हिंगोली, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांची विभागीय स्पर्धा लातूरला व्हायची होती. संघातल्या शेवटच्या जागेसाठी दोन मुली होत्या. बाहेरच्याला ही बाब क्षुल्लक वाटेल. पण वरच्या पायऱ्या चढल्या तर परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, आणि कित्येक घरांत मुलीला मैदानावर पाठवण्याची वडिलांची तयारी तेवढ्या गुणांच्या आशेवर तगून असते.

मॅडमच्या मोबाइलमध्ये तक्ता तयार होता. पहिलीचे १८ पाळ्यांत ६ हिट, म्हणजे सरासरी ०.३३३. दुसरीचे १८ पाळ्यांत ३, म्हणजे ०.१६७. प्रश्न संपला!

"मॅडम, दुसरीचे तीन फटके सरळ शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये गेले," सर म्हणाले. "हातभर बाजूला गेले असते, तर दोघींचा आकडा एकच झाला असता."

सरांचे गणित बिनचूक होते. अठरा पाळ्यांत तीन फटके म्हणजे नशिबाचा वारा कुठल्या बाजूने वाहिला एवढेच. अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाने २००२ साली आकड्यांच्या आधारे स्वस्तातले खेळाडू निवडले आणि ओळीने २० सामने जिंकले. त्यावर 'मनीबॉल' हे पुस्तक निघाले, पुढे चित्रपटही आला. पण तिथे एका हंगामात १६२ सामने असतात आणि नेहमीच्या फलंदाजाला सहाशेच्या वर पाळ्या मिळतात. आमच्या पोरींना पाऊस, चाचणी परीक्षा आणि मैदानावरचा लग्नाचा मांडव यांतून अठरा मिळाल्या, हेच पुष्कळ.

शिवाय आकडा काही आभाळातून पडत नाही. बेसबॉलचे धावफलक रुजवणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा गृहस्थ. पिचरने चार वाईट चेंडू टाकले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. या 'बेस ऑन बॉल'ला सरासरीच्या हिशेबात स्थान नाही. १८८७ साली मात्र तो हिट म्हणून मोजला गेला. सगळ्यांच्या सरासऱ्या फुगल्या, आणि पुढच्याच वर्षी तो नियम गुंडाळला. (त्याच वर्षी शिकागोत झाडूचा दांडा आणि बॉक्सिंगचा हातमोजा घेऊन काही मंडळी बंद दालनात खेळली, तोच सॉफ्टबॉलचा जन्म.) खेळाडू तेच, फटके तेच, बदलली ती मोजणाऱ्याची नजर. अन् शाळेच्या मैदानावर मोजणारा कोण? क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला तर तो हिट की एरर, हे नववीतला एखादा मुलगा पेन्सिल चावत ठरवतो. दशांशाचे तीन अंक त्याच्या मर्जीवर उभे!

हे ऐकून तुम्हाला वाटेल, मी सरांच्या बाजूचा. तसे नाही. मॅडमनी दुसरा रकाना उघडला. पहिली १८ पैकी ७ वेळा स्ट्राइक आउट. दुसरी फक्त एकदा. सरांचा डोळा जे सांगत होता, ते आकड्यांतही होतेच. फक्त रकाना वेगळा होता. मग त्यांनी सरांनाच एक प्रश्न टाकला. संघातली उंच, दणकट मुलगी सरांच्या मते सर्वांत भरवशाची फेकणारी. वहीप्रमाणे पहिल्या बेसकडच्या तिच्या दहा फेकींपैकी चार वाकड्या. उंच माणूस डोळ्यांत भरतो, आणि भरलेला डोळा पुढचे पाहत नाही.

सर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसून त्या मुलीचे नुसते पाय पाहत होते. घाईत ती मागच्या पायावरूनच फेकत होती. चार फेकी वाकड्या गेल्या हे वहीने सांगितले; का गेल्या, हे वहीत नव्हते.

अखेर दुसरी मुलगी लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला गेली. तिथे तिला दोनच संधी मिळाल्या. एकदा ती बाद झाली. दुसऱ्यांदा चार वाईट चेंडू तिने शांतपणे सोडले, बेसवर गेली आणि मागच्या मुलीच्या फटक्यावर धाव घेऊन आली. तक्त्यात तिची सरासरी ०.१६७ वरून ०.१५८ वर उतरली.

परतीच्या गाडीत मॅडमनी 'बेस ऑन बॉल'साठी नवा रकाना आखला. शेजारून सर म्हणाले, "चेंडू सोडताना ती खांदा हलू देत नाही, तेही कुठे लिहिता येतं का बघा."