खर्रा सोडायचं अ‍ॅप

आज सेवाग्राम आश्रमात सायंप्रार्थनेला बसलो, पण डोक्यात अ‍ॅपच्या स्क्रीनच फिरत होत्या. बापूंच्या काळी इथं प्रार्थनेच्या वेळी हजेरी व्हायची आणि ज्यानं-त्यानं दिवसभरात किती सूत कातलं ते सांगायचं. आपली नोंद आपणच द्यायची, तीही सगळ्यांसमोर. आम्ही तेच मोबाइलवर करू पाहतो, फक्त ते सगळे वगळून.

केंद्र सरकारची तंबाखू सोडवणारी संदेशसेवा 2016 पासून आहे. मिस्ड कॉल दिला की फोनवर संदेश येतात. कल्पना चांगलीच. पण आमच्या वर्ध्यात खर्रा क्वचितच एकट्यानं खाल्ला जातो. पानठेल्यावरून आणलेली, पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू चौघांत फिरते. मग अ‍ॅपच्या ‘दिवसाला किती?’ या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खाणाऱ्यानं काय द्यावं? पुड्या मोजाव्यात की चिमट्या? शिवाय कापूस वेचायला गेलेल्या बाईचा फोन घरी, पोराच्या हातात. तिच्यासाठी खास बेतलेला संदेश वाचणार तो पोरगा!

उद्या पहिला प्रश्न बदलतो: कोणासोबत खाता? आणि उत्तर बोलून देता यायला हवं. खर्रा घोटणाऱ्या हातानं टाइप कोण करणार!