आधी कापडाला इचार

मॅगझीनच्या मराठी विभागासाठी लिही असं मैत्रीण म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ होतो. पण ही गोष्ट आपल्या हॉस्टेलमध्ये घडली आणि आजीच्या मराठीत संपली, म्हणून मराठीतच लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

गेल्या गॅदरिंगचे काळे टी-शर्ट आठवतात ना? ती जबाबदारी माझी होती. 62 टी-शर्ट, प्रत्येकी 250 रुपये. डिझाइनमध्ये इतके रंग होते की स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागली असती. म्हणून डीटीजी मशीनवर छापायचं ठरलं. कागदावर छापणाऱ्या इंकजेट प्रिंटरचा हा मोठा भाऊ. शाई थेट कपड्यावर सोडतो. दुकानदार काकांनी कापड चुरगाळून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे प्युअर कॉटन नाही. पॉलिस्टर जास्त आहे. रंगाची गॅरंटी नाही." मी म्हटलं, "चालतंय काका, छापा." कॉटनचा टी-शर्ट 40 रुपयांनी महाग होता. वाचलेले 2480 रुपये स्टेजच्या लायटिंगला गेले आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

पांढरी अक्षरं पहिल्या दिवसापासूनच राखाडी दिसत होती. दोन-तीन धुण्यांत त्यांना भेगा पडल्या. फर्स्ट इयरची एक मुलगी टी-शर्ट घेऊन माझ्या रूमवर आली. सेनगाव तालुक्यातली, मेसच्या पैशातून 250 रुपये काढून दिले होते तिने. घाबरत म्हणाली, "ताई, माझंच काही चुकलं का?" आणि मी चक्क म्हणाले, "गरम पाण्यात धुतला असशील." ती "सॉरी ताई" म्हणून गेली. त्या 'सॉरी'ने मला रात्रभर झोप लागली नाही.

मग मी मुकाट्याने वाचायला बसले. डीटीजीची शाई म्हणजे पाण्यात मिसळलेले रंगाचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा बाइंडर. कापूस हवेतूनसुद्धा आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. मग पाण्याची शाई तिथे रुजणार कशी? गडद कपड्यावर आधी क्षाराचं द्रावण फवारतात, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी शाई आत न मुरता वरच गोठते. त्यावर बाकीचे रंग, आणि शेवटी साधारण 160 अंशांचा हीट प्रेस. याच उष्णतेत पॉलिस्टरचा स्वतःचा काळा रंग वाफ होऊन वरच्या पांढऱ्यात शिरतो. आमची अक्षरं राखाडी झाली ती अशी. गरम पाण्याचा काही संबंध नव्हता.

सुट्टीत वसमतला घरी गेले. हळद शिजवायचे दिवस होते. आजीच्या सुती लुगड्याचा काठ पिवळाजर्द झालेला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माय, सुताला हळद लगेच धरती. साबण लावला की लाल होती, उन्हात टाकली की उडून जाती. ज्याचा त्याचा गुण हाय. आधी कापडाला इचार, मग रंग लाव." करक्युमिन अल्कलीत लाल होतं आणि प्रकाशात तुटतं, हे मी केमिस्ट्रीत पाठ केलं होतं. आजीने ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत पाहिलं होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव शिंपी. राजस्थान-पंजाबकडचे कापड छापणारे छीपा लोकही त्यांना आपलंच मानतात. कापडाशी इतकं जुनं नातं असलेल्या मातीत राहून मी काकांचं एक वाक्य ऐकलं नाही, याची लाज वाटली.

परत आल्यावर सर्वांत आधी त्या मुलीच्या रूमवर गेले आणि खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं ताई, आमच्याकडं गरम पाणी येतंच कुठं!" ट्यूशनच्या पैशातून आतापर्यंत अकरा जणींना शंभर टक्के कॉटनवर नवीन छापून दिलेत. बाकीच्यांनी आपला साइज सांगून ठेवा. थोडा वेळ लागेल, पण प्रत्येकीला मिळेल.