गाळलेले दोन प्रश्न

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी सिद्ध केलेली व्यक्तिमत्त्व-प्रश्नावली १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचशेहून अधिक विधाने, आणि प्रत्येकाला ‘खरे’ वा ‘खोटे’ एवढेच उत्तर. पुढे १९६५ मध्ये क्रेग मॅकअँड्र्यू यांनी ३०० मद्यासक्त आणि ३०० इतर मनोरुग्ण यांची उत्तरे ताडून पाहिली. ५१ विधानांत दोन्ही गट वेगळे पडले. त्यांपैकी दोन विधाने थेट पिण्याविषयीची होती. तेथे पिणारा खोटे बोलेल म्हणून ती त्यांनी गाळली. उरलेल्या ४९ विधानांवरून सुमारे ८२ टक्के माणसे अचूक ओळखता आली!

युक्ती नामी खरी. परंतु पिण्याचे प्रश्न वगळून मोजले ते काय? धाडस, उतावळेपणा, चारचौघांत रमण्याची हौस. मनाने खचून एकांतात पिणारा गृहस्थ या जाळ्यातून निसटतो. थेंबही न चाखलेला रगेल तरुण मात्र अडकतो. मुलगा पुढे पिणारा निघेल की काय हे सांगणारी परीक्षा असते का, असे लग्न जुळवताना मुलींच्या आया मला विचारतात. त्यांची धास्ती मी जाणतो. पण हिशेब पाहा. हजारांत ५० मद्यासक्त आहेत आणि चाचणी ८० टक्के अचूक आहे असे धरले, तर ती त्यांतील ४० शोधील आणि १९० निर्दोषांवरही तोच शिक्का मारील. एवढ्यावर कोणाचे स्थळ मोडावे?

मला अधिक खुपते ते निराळेच. दारू सोडल्यावरही हा गुणांक फारसा उतरत नाही, असे आढळले आहे. म्हणजे वर्षानुवर्षे एकेक दिवस निग्रहाने काढणाऱ्या माणसाच्या कष्टांची येथे नोंदच नाही.

१९९२ मध्ये त्याच प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीतून थेट कबुलीची विधाने निवडून एक नवी श्रेणी बांधण्यात आली, आणि ती जुनीहून सरस ठरली. पापनिवेदन ऐकणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. शिक्षेचे भय नसले की पुष्कळजण खरे बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ चाचणीही दहा प्रश्न सरळच विचारते: किती वेळा पिता, सकाळी उठताच घोट लागतो का. शेवटचा प्रश्न असा, की तुमच्या पिण्याची काळजी नातलगाने, मित्राने वा डॉक्टरने कधी बोलून दाखवली का. त्याचे उत्तर घरच्या बाईपाशी तारखेवार तयार असते.